नोकरी सांभाळून लांब पल्ल्याची घोडेस्वारी: नागपुरात तयारीला वेळ कसा काढायचा

पहिल्याच ४० किलोमीटरच्या राइडमध्ये माझा घोडा शेवटच्या तपासणीत बाद झाला. लंगडला नाही, अडला नाही, घाबरला नाही. नाडी ६८ होती आणि ६४ हवी होती. वीस मिनिटं बादलीमागून बादली पाणी ओतलं, पण ते चार ठोके काही उतरले नाहीत. डॉक्टरांनी कार्डावर खूण केली आणि विचारलं, "आठवड्यातून किती दिवस चालवता?" म्हटलं, "रविवारी." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

माझ्याकडे कारण तयार होतं, वेळच मिळत नाही. ऑफिस सिव्हिल लाइन्सला, घर प्रतापनगरला, तबेला काटोल रोडला फेटरीकडे. पुढच्या वर्षी नोकरी तीच होती, घर तेच होतं, शिवाय मुलगी दहावीला होती, आणि तरी तयारी झाली. तोवर मी रोज सकाळी "आज जमेल का?" असा हिशोब करायचो. तो पोळा, दिवाळी, संक्रांत, होळी असा करायला लागलो आणि गणित सुटलं. खाली जे लिहिलंय ते त्या दोन वर्षांचं आहे. तुमची मांड बसलेली आहे आणि दुडकीत (चाल आणि भरधाव दौड यांच्या मधल्या गतीत) लगामाला न लोंबकळता अर्धा तास राहता येतं, असं धरून चाललोय. तसं नसेल तर आधी सहा महिने शिकण्यात घाला.

आधी खेळ समजून घ्या

एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची घोडेस्वारी, ही शर्यत आहे, पण पळण्याची कमी आणि टिकण्याची जास्त. पल्ले ४०, ६०, ८० किलोमीटरपासून एका दिवसात १६० पर्यंत. पल्ल्याचे फेरे पाडलेले असतात आणि प्रत्येक फेऱ्यानंतर व्हेट गेट, म्हणजे पशुवैद्याची तपासणी. एफईआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत मधल्या गेटवर १५ मिनिटांत आणि शेवटी २० मिनिटांत नाडी ६४ किंवा त्याखाली यावी लागते. मग हिरड्यांचा रंग, कातडीची चिमट, पोटातले आवाज, पाठ, आणि हातात धरून दुडकीत पळवून पाय तपासतात. मधल्या गेटवर घोड्याची नाडी उतरेपर्यंत तुमचं घड्याळ चालूच राहतं. त्यामुळे भरधाव येऊन दहा मिनिटं पाणी ओतत बसण्यापेक्षा शेवटचा एक किलोमीटर चालीनं येणारा पुढे निघून जातो.

अमेरिकेत १९५५ साली वेंडेल रोबी आणि त्याच्या सोबत्यांनी १०० मैल एका दिवसात घोड्यावर पार केले, त्यातून टेव्हिस कप सुरू झाला. पल्ला पूर्ण केला तो जिंकला, असं तिकडे मानतात. नवख्यांच्या पात्रता-राइडमध्ये तर सरासरी ताशी १६ किलोमीटरच्या वर जायलाच बंदी असते. ताशी १२ नं गेलात तर ४० किलोमीटरला ३ तास २० मिनिटं लागतात. म्हणजे तुम्हाला वाऱ्यासारखा घोडा नको, निवांत घोडा हवा, आणि निवांतपणा हळू कामातून येतो. नोकरदाराच्या पथ्यावर पडणारी ही गोष्ट आहे: रोजचं काम थोडं आणि संथ, फक्त महिनोन्‌महिने न चुकता.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं घड्याळ लिहा

काही बदलू नका, फक्त वेळा लिहून काढा. माझ्या एका गुरुवारची नोंद अशी: ४:४० उठलो. ५:०५ निघालो. ५:३५ तबेल्यात. ६:१० मांड टाकली. ७:०५ उतरलो. ७:४० तबेला सोडला. ८:१५ घरी. मग अंघोळ, डबा, परत तोच रस्ता धरून ऑफिस. साडेतीन तास गेले आणि खोगिरावर बसलो ५५ मिनिटं.

गळती कुठे होती ते कागदावर लगेच दिसलं. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) सापडत नव्हता म्हणून आठ मिनिटं. खूर साफ करायचा आकडा कुणीतरी नेलेला, पाच मिनिटं. चहा, बारा मिनिटं. (चहा मी सोडला नाही, शेवटी हलवला.) सगळ्यात मोठी गळती म्हणजे घरी परत जाणं. काटोल रोडहून सिव्हिल लाइन्स सरळ आहे आणि मी प्रतापनगरला वळसा घालून येत होतो. आता ऑफिसचे कपडे रविवारीच तबेल्यातल्या पेटीत जातात, अंघोळ तिथल्या नळावर, डबा आदल्या रात्री भरलेला. एवढ्यानं ५० मिनिटं वाचली. तबेला निवडायचा असेल तर सर्वांत चांगला कोणता हे विचारण्याआधी ऑफिसच्या वाटेवर कोणता आहे ते बघा. शहराच्या दुसऱ्या टोकाचा उत्तम तबेला दिवाळीपर्यंत टिकतो, नंतर तुम्ही जाणं सोडता.

खरारा आणि खोगीर घालणं सईसाकडे, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याकडे, सोपवता येतं. तीन गोष्टी मात्र सोपवू नका: चारही पायांवरून हात फिरवून गरम लागतं का, सूज आहे का ते बघणं, खुरात खडा आहे का ते बघणं, आणि तंग कसणं. याला चार मिनिटं लागतात. सुरुवातीची दहा आणि शेवटची दहा मिनिटं चालीनं जाणंही कापू नका. मी कापलं होतं, मग पुढच्या डाव्या पायावर सूज आली आणि तीन आठवडे घोडा उभा राहिला. त्या वीस मिनिटांचं व्याज फार जड पडलं.

दुसरी पायरी: बारगीर व्हायचं की शिलेदार?

मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आमच्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालपर्यंत धडकल्या, तिकडे 'बर्गी' हा शब्द अजून आहे, तो याच बारगिरावरून. माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं बारगीर राहा.

घोडा घेतला की रोजची चंदी (धान्याचा खुराक), वैरण, नालबंद, डॉक्टर, सईसाची सुट्टी हे सगळं तुमच्या वेळेतून जातं. सारंगखेड्याची यात्रा बघायला जरूर जा, तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा असा बाजार दुसरीकडे दिसायचा नाही, पण पहिल्या फेरीत खिशात पैसे नेऊ नका. त्यापेक्षा असा घोडा शोधा ज्याच्यावर दोघं बसतात. तुम्ही मंगळवार-रविवार, दुसरा गुरुवार-शनिवार. घोड्याला आठवड्याला चार दिवस काम मिळतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोनच पहाटा येतात. वेळ वाचवायचा यापेक्षा मोठा मार्ग मला सापडलेला नाही. अट एकच: दोघांचा आराखडा एक हवा. तुम्ही संथ ताशी ९ नं चालवताय आणि तो शनिवारी भरधाव सोडतोय, असं झालं तर घोडा तुमच्या दोघांच्या वहीत बसत नाही.

घोडा आणखी कुणाच्या कामाला जातो हे सरळ विचारा. पहिल्या वर्षी मी ज्याच्याकडून घोडा घेत होतो, त्यानं लग्नसराईत तोच घोडा वरातींना लावला होता. शनिवारी रात्री बारापर्यंत डीजेसमोर नाच आणि रविवारी पहाटे माझी राइड. मला वाटायचं घोडा आळशी आहे. एका रविवारी आयाळीत गुलाबाच्या पाकळ्या आणि चमकी सापडली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वरातीचा घोडा म्हणून तो वाईट नव्हता, उलट इतका धीट घोडा मी पुन्हा पाहिला नाही. पण दोन नोकऱ्या त्यालाही झेपत नव्हत्या.

वजनाचं एकदा बघून घ्या. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला ते ७० ते ८० किलो होतं. सावजी आवडणाऱ्यांनी काट्यावर आधी उभं राहावं.

तिसरी पायरी: पोळा ते होळी

नागपुरात घोडेस्वाराला खरा हंगाम मिळतो तो ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे कुणाला सांगायला नको. सगळ्यांना भीती उन्हाळ्याची असते, मला धास्ती पावसाळी उकाड्याची आहे.

जुना एक ठोकताळा आहे: हवेचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या आणि त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवा. बेरीज १३० च्या आत असेल तर घोड्याचं शरीर स्वतःला नीट थंड करतं. १५० च्या वर गेली की काम निम्म्यावर आणा. १८० च्या वर घोडा ठाणावरच राहू द्या. आता मांडून बघा. जुलैत पाऊस थांबलेला, ३० अंश, म्हणजे ८६ फॅरनहाइट. आर्द्रता ८५. बेरीज १७१. आपल्याला वाटतं, काय छान ढगाळ हवा आहे! घोड्याचा घाम मात्र वाळतच नाही आणि न वाळणारा घाम थंडावा देत नाही. डिसेंबरच्या पहाटे १४ अंश, म्हणजे ५७, आर्द्रता ७०. बेरीज १२७. मोकळं रान. या बेरजेला एक अपवाद लक्षात ठेवा. मे महिन्याच्या दुपारी हवा कोरडी असल्यानं बेरीज फसवी, कमी येते. पण घोड्याच्या अंगाचं तापमानच ३७.५ ते ३८.५ अंश असतं. हवा त्याहून तापली की ती त्याला थंड करत नाही, आणखी तापवते.

यावरून वर्ष असं पडतं. मार्च ते जून हा घोड्याचा आरामाचा काळ. मेच्या शेवटी सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणून पाच ते सहा नुसतं चालीनं फिरवून आणायचं, आठवड्यातून तीनदा. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततात आणि खोल चिखल पायांच्या स्नायुबंधांना घातक, त्यामुळे तबेल्याच्या मुरमाच्या रिंगणात वळणं, मागे सरणं, लगामाचं काम. उजाडलं नसलं तरी चालतं, दिव्याखाली होतं. पोळ्यापासून मोजणी सुरू करायची. दसऱ्यापर्यंत पाया, दिवाळीपर्यंत अंतर, संक्रांतीच्या आसपास राइड. होळी पेटली की नाल काढून घोडा मोकळा.

वर्षाचं गणित घालायचं दुसरं कारण घोड्याच्या शरीरात आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, स्नायूंना काही महिने लागतात, पण स्नायुबंध, सांधे आणि हाडं सगळ्यात सावकाश घट्ट होतात. खूर वरून खालपर्यंत नवं यायलाच ९ ते १२ महिने जातात. म्हणून दोन महिन्यांत घोडा दमदार वाटायला लागतो आणि तिथंच लोक चुकतात. दम आलेला असतो, पाय आलेले नसतात.

चौथी पायरी: आठवडा कसा पाडायचा

चार दिवस काम, तीन दिवस आराम. मंगळवारी ५० मिनिटं: चाल आणि संथ दुडकी आलटून पालटून. गुरुवारी तेवढाच वेळ, पण चढावर किंवा मऊ जमिनीत. शनिवारी अर्धा तास हलकं किंवा नुसतं हातात धरून फिरवणं. रविवारी लांब. आरामाच्या दिवशीही घोडा खुंट्याला दिवसभर उभा राहू नये, आवारात मोकळा सोडायला सांगा.

चाल साधारण ताशी ६ किलोमीटर, दुडकी १२ ते १५. मोबाइलच्या जीपीएसवर सरासरी बघा, डोळ्यांना दुडकी नेहमी संथच वाटते. नियम असा ठेवा की एका आठवड्यात अंतर वाढवायचं किंवा वेग, दोन्ही कधीच नाही. दर चौथ्या आठवड्याला अंतर निम्मं.

आमची चौदा आठवड्यांची चढण अशी होती. पहिले चार आठवडे रविवारी १० ते १२ किलोमीटर, बहुतेक चालीनं. पाचव्यापासून आठव्यापर्यंत १६ ते २०, सरासरी ताशी ९-१०. नवव्यापासून बाराव्यापर्यंत २४ ते २८, सरासरी ११-१२, आणि हे एक रविवार सोडून एक. तेराव्यात एकदाच ३०, मग उतार. घरी पूर्ण ४० करून बघायची गरज नाही. मला खात्री हवी म्हणून पहिल्या वर्षी केलं होतं. घोडा राइडला आधीच थकून गेला.

वेळेच्या दृष्टीनं बघा: आठवड्याला एक पहाट आणि एक रविवार तुमचा, बाकी जोडीदाराचा. सकाळ बुडली तर ती दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. गेली ती गेली. मंगळवारचं आणि गुरुवारचं मिळून रविवारी वसूल करायला जाणं हा आम्हा नोकरदारांचा खास रोग आहे. आमचा सईस एकदा म्हणाला, "भाऊ, घोड्याले रविवार कसा समजन? थ्याले रोजचं माहीत." नाडी ६८ का राहिली याचं उत्तर मला तेव्हा कळलं.

रान कुठलं धरायचं

डांबरी रस्त्यावर चाल ठीक, दुडकी नको. आउटर रिंग रोडला ट्रक असतात, तिथे पाऊलसुद्धा घालू नका, ओलांडायचा असेल तर उतरून ओलांडा. गोरेवाड्याच्या जंगलात परवानगीशिवाय शिरू नका. आपल्याकडे सोन्यासारखी चीज आहे ती म्हणजे पांदण रस्ते. काटोल, कळमेश्वरकडच्या संत्र्यांच्या बागांमधून गेलेल्या पांदणी दिवाळीनंतर वाळतात आणि वर मऊ मातीचा थर राहतो, खाली टणक. दुडकीला याहून चांगलं काही नाही. पण आधी पायी किंवा सायकलीनं पाहून या. तारेचं कुंपण, ठिबकच्या नळ्या, उघडी विहीर घोड्यावरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्यांच्या वावरातून जायचं त्यांना विचारा, धुऱ्यावरून जा, पिकात पाय टाकू नका. मी दोन शेतकऱ्यांचे नंबर ठेवलेत. रात्री पाणी सोडलं असेल तर ते आपणहून सांगतात.

चढ नागपूरजवळ कमी. तलावाची पाळ शोधा आणि तिच्यावरून चालीनं सहा-आठ वेळा चढ-उतार करा. सपाटीवरच्या तासाभराचं काम वीस मिनिटांत होतं, म्हणून गुरुवार तिथे. रामटेक बाजूला मालगुजारी तलाव आहेत, एखादा रविवार तिकडे काढला तर घोड्यालाही बदल.

जानेवारीत उजाडायला पावणेसात होतात. अंधारात निघायचं तर कपाळाला दिवा, अंगात चमकणारं जॅकेट, घोड्याच्या शेपटीखाली नाही पण खोगिराच्या मागे लाल दिवा. डोक्यावर घोडेस्वारीचंच हेल्मेट. गावातली कुत्री अंगावर आली तर पळवू नका. थांबून घोड्याचं तोंड त्यांच्याकडे करा, बहुतेक वेळा तीच मागे सरतात.

स्वतःचं अंग घोड्याशिवाय कसायचं

स्वाराची तयारी खोगिरावरच झाली पाहिजे असा गैरसमज होता माझा. घोड्याला लागणारा वेळ घोड्याबरोबर जातोच, पण मांड्या, पोट, पाठ आणि दम घरीही तयार होतात, आणि तो वेळ कुणाला दिसत नाही.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पायाचे चवडे ठेवून उभे राहा. टाचा हवेत, पायरीच्या खाली झुकलेल्या. गुडघे थोडे वाकवा, ढुंगण मागे, पाठ सरळ, हात पुढे लगाम धरल्यासारखे. रिकिबीत उठून उभं राहण्याची हीच जागा. पहिल्या दिवशी दीड मिनिटात पोटऱ्या थरथरल्या. मी हे कुकरच्या शिट्ट्यांवर करायचो, तीन शिट्ट्या होईपर्यंत उतरायचं नाही. घरचे हसले. तान्ह्या पोळ्यात पोरं लाकडी बैल फिरवतात, तसा माझा लाकडी घोडा, असं मुलगी म्हणायची. दिवाळीपर्यंत आठ मिनिटं जमायला लागली आणि राइडमध्ये पाठ दुखायची थांबली.

बाकी मग आठवड्यातून दोनदा अंबाझरीला अर्धा तास पळणं किंवा झपाझप चालणं. राइडमध्ये उतारावर मी उतरून घोड्याबरोबर पळतो, तेवढा दम हवाच. दुडकीत तुम्ही उठता ते घोड्याच्या पायांच्या एका तिरप्या जोडीवर (पुढचा एक आणि विरुद्ध बाजूचा मागचा). दर दोन किलोमीटरला एक ठोका जास्त बसून जोडी बदला, नाहीतर पल्ल्याच्या शेवटी घोड्याची एकच बाजू थकलेली दिसते.

स्टेथोस्कोप आणि लटकवलेली वही

साधा स्टेथोस्कोप घ्या. डाव्या पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे, कातडीच्या घडीत लावा. 'लब-डब' हा एक ठोका. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. निवांत उभ्या घोड्याची नाडी साधारण २८ ते ४४ असते. आपल्या घोड्याची किती, ते दहा सकाळी मोजून ठरवा.

याला वेगळा वेळ लागत नाही, हे मला उशिरा सुचलं. काम संपवून उतरलात की तंग सैल करा, लगेच एकदा मोजा, पाच मिनिटांनी एकदा, दहानं एकदा. मधल्या वेळेत पाणी ओता. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतलं की तो आखडतो, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती सोडून द्या. मान, छाती, पोटाखाली, पायांच्या आतल्या बाजूला न थांबता पाणी ओतत राहा, आणि प्यायलाही द्या. दहा मिनिटांत ६० च्या खाली येत असेल तर पुढच्या आठवड्याला अंतर वाढवा. येत नसेल तर तोच आठवडा पुन्हा.

शेवटी सईसाला हातात धरून चाळीसेक मीटर दुडकीत पळवायला लावा आणि तुम्ही समोरून, मग मागून बघा. डोकं प्रत्येक पावलाला वर-खाली होतं का? घोड्याला धरणाऱ्याच्या बरोबरीनं पळायची सवय असावी लागते, ती राइडच्या दिवशी शिकवता येत नाही.

हे सगळं एका वहीत. आमची वही दोरीनं खुंटीला बांधलेली आहे, पेनसुद्धा बांधलंय. तारीख, कोण बसलं, किलोमीटर, सरासरी, तीन नाड्या, लीद कशी, काही खटकलं का. जोडीदाराशी माझं आठवडाआठवडा बोलणं होत नाही. वही बोलते. एका रविवारी त्याच्या अक्षरात "उजवा मागचा, वळताना?" एवढंच होतं. मी मांड टाकली नाही, नालबंदाला बोलावलं. एक खिळा जरा आत गेला होता.

चंदीचं पथ्य

आरामाच्या दिवशी पूर्ण चंदी आणि दुसऱ्या दिवशी एकदम लांब काम, यानं घोड्याचे पाठीमागचे स्नायू दगडासारखे आखडतात, घाम फुटतो, लघवी काळपट येते. इंग्रजीत याला सोमवारचा रोग म्हणायचे, कारण रविवारी घोडे उभे असत. रविवारीच बसणाऱ्या आपल्यासारख्यांचा तो रविवारचा रोग. म्हणून सुट्टीच्या दिवशी हरभरा-जव निम्म्यावर, वैरण मात्र भरपूर. असं आखडलेलं दिसलं तर घोडा एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरांना बोलवा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्या शहराची ही मोठी सोय. नंबर आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

घोड्याच्या घामात मीठ माणसापेक्षा कितीतरी जास्त जातं. रोज चंदीत मीठ घाला, चाटायला खडा ठेवा, आणि मीठ दिलं की पाणी समोर असलंच पाहिजे.

घरच्यांचं काय

यावर मी शहाणपण शिकवणार नाही, दोनच गोष्टी सांगतो. मोसम सुरू व्हायच्या आधी चौदा रविवार कॅलेंडरवर लाल करून घरात टांगा, आणि त्यातले तीन घरच्यांना खोडू द्या. लग्न, वास्तू, बारसं, जे असेल ते. उरलेले अकरा मग कुणी मागत नाही. दुसरं, नऊला घरी या आणि येताना तर्री-पोहे आणा. झोप मात्र कुठूनही चोरू नका: पहाटेच्या आदल्या रात्री साडेनऊला दिवा बंद. जिथे रात्रीचं जेवण दहाला सुरू होतं त्या घरात हे जमवणं पांदणीपेक्षा अवघड आहे. ऑफिसच्या सुट्ट्या सुट्या-सुट्या खर्च करू नका, राइडच्या आठवड्यासाठी तीन सलग राखून ठेवा.

शेवटचे पंधरा दिवस

नाल राइडच्या सात ते दहा दिवस आधी ठोका, आदल्या दिवशी कधीच नाही. खिळा चुकला तर कळायला वेळ हवा. संयोजकांना कोणती कागदपत्रं हवीत ते महिनाभर आधी विचारा. घोड्याची ओळखपत्रिका, लसींची नोंद, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी यांत दिवस जातात. भारतात खेळाची सूत्रं इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे आहेत, चालू वर्षाचे नियम तिथून घ्या. नाडीच्या मर्यादेसारख्या गोष्टी स्थानिक राइडमध्ये आणखी कडक असू शकतात.

शेवटच्या दहा दिवसांत काम निम्म्याहून कमी. या दिवसांत हात शिवशिवतात. एवढं केलंय, थोडं अजून करू, असं वाटतं. त्या वेळात खोगिराचे टाके तपासा, रिकिबीचे पट्टे तेलात भिजवा, बादल्या मोजा. नवीन काही अंगावर चढवू नका, ना तुमच्या, ना घोड्याच्या. नव्या जीन्सनं माझ्या गुडघ्याच्या आतली कातडी २० किलोमीटरवर सोलली होती.

राइडच्या दिवशी पहिले पाच किलोमीटर सगळे पुढे जातील. जाऊ द्या. घोडा ओढ घेईल, हात जड होतील. पहिल्या फेऱ्याची सरासरी ताशी ११ च्या आत ठेवा, दुसऱ्यात वाढवायची असेल तर वाढवा. गेटच्या अलीकडे एक किलोमीटर उतरा, तंग एक भोक सैल करा, चालत या.

आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ आधीच राखून ठेवा. घरी पोचून दोघंही मोडलेले असता, पण सोमवारी ऑफिसआधी वीस मिनिटं घोडा हातात धरून चालवायचा, पायांवरून हात फिरवायचा, पाठ दाबून बघायची. मग किमान चार-पाच दिवस तो मोकळा. दुसऱ्या वर्षीच्या त्या सोमवारी मी वहीत लिहिलं: "४० किमी, ३ तास ३४ मि. शेवटी नाडी ११ व्या मिनिटाला ५६. मागचा उजवा थंड. लीद ठीक." खाली सईसानं विचारून माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली, शुक्रवारपर्यंत कुणी बसायचं नाही.